खेळ पैठणीचा, उखाणा आणि आमची मावशी: टीव्हीवरचं आपल्या अंगणात येतं तेव्हा

जाईजुई_कराड
नवरात्र तोंडावर आलंय आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परत तो मेसेज फिरायला लागलाय, "खेळ रंगला पैठणीचा, भगिनींनी बहुसंख्येने उपस्थित राहावे", खाली इच्छुक उमेदवाराचा हात जोडलेला फोटो. हा मेसेज दिसला की मला दोन वर्षांपूर्वीची एक संध्याकाळ आठवते आणि पोटात कालवतं. आज लिहून काढतेय, लांब होईल, सांभाळून घ्या.

आमची धाकटी मावशी शिवणकाम करते. ब्लाउज, फॉल-पिको, परकर पोलकं, सगळं. काका जाऊन तेव्हा सात वर्षं झाली होती. ती कुठे जास्त मिसळत नाही, पण त्या वर्षी मीच ओढून नेलं तिला, म्हटलं चल गं, नुसते खेळ तर आहेत. आणि बाई काय खेळली! फुगे फुगवून ग्लास पाडायचे त्यात पहिली, संगीत खुर्चीत शेवटच्या तिघींत, आणि लांबून बादलीत चेंडू टाकायचे त्यात तर तिच्या जवळपास कोणी नाही. शेवटच्या पाच जणी स्टेजवर उभ्या राहिल्या, मागे मोठ्ठी एलईडी स्क्रीन, तिच्यावर मावशीचा चेहरा, आम्ही खाली शिट्ट्या मारतोय. तेवढ्यात निवेदक म्हणाला, "आता वहिनी, भावोजींच्या नावाचा झक्कास उखाणा होऊन जाऊ द्या!"

मावशीने माइक दोन्ही हातांनी धरला होता. तिचा अंगठा माइकच्या बटणावर नुसता फिरत होता, वर खाली, वर खाली, स्क्रीनवर दिसत होतं ते. पुढच्या रांगेतून कोणीतरी हळूच सांगितलं की अहो त्यांचे मिस्टर नाहीत. तो मुलगा वाईट नव्हता, खरंच ओशाळला, म्हणाला, "अरेरे, सॉरी काकू." म्हणजे अर्ध्या मिनिटापूर्वी जी वहिनी होती ती तिथल्या तिथे काकू झाली. मग "काकूंसाठी जोरदार टाळ्या", हातात स्टीलचा डबा, आणि तिला खाली आणून सोडलं. पैठणी उरलेल्या चौघींतल्या एकीला गेली. घरी येताना रिक्षात मावशी एवढंच म्हणाली, "शेवटच्या फेरीत माझे सहा चेंडू पडले होते, मोजलेस ना तू?"

हा सगळा साचा आला कुठून ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. २००४ साली टीव्हीवर होम मिनिस्टर सुरू झालं तेव्हा मी शाळेत होते. दार उघड बये दार उघड लागलं की आई गॅस बारीक करून बाहेर यायची. टीव्हीवर तोपर्यंत बायका म्हणजे सिरियलमधल्या, भरजरी साडीत झोपणाऱ्या. इथे आईसारखीच बाई, दहा बाय दहाच्या खोलीत, लग्न कसं ठरलं ते सांगतेय, नवरा गर्दीसमोर कणीक तिंबतोय, सासू हसतेय आणि आदेश बांदेकर पाटावर बसून ऐकतायत. आईला कोणी आयुष्यात विचारलं नव्हतं की तुम्हाला काय आवडतं. त्या कार्यक्रमाने बाईच्या हातात माइक दिला हे मी कधीच नाकारणार नाही, इतकी वर्षं लोकांनी तो उगाच नाही बघितला.

पण गावोगाव ज्यांनी नक्कल उचलली त्यांनी वहिनी, भावोजी, उखाणा, पैठणी हे कवच तेवढं उचललं. आणि त्या कवचात मावशी बसत नाही. तिला कुणी मुद्दाम बाहेर काढलं नाही, तिची जागाच कोणी आखली नव्हती. मला हेच बोलायचंय, की असे शो आपल्याला नुसती करमणूक देत नाहीत, माणसं कशी उभी करायची, कोणाला काय म्हणायचं, कोणाला टाळ्या आणि कोणाला सहानुभूती, याचा साचा देऊन जातात, आणि मग तो आपण डोळे झाकून वापरतो. तुमच्या घरात, गल्लीत असं काय काय आलंय ते लिहा. मला खरंच ऐकायचंय.

एसटीची_खिडकी
वाचून काही वेळ काहीच सुचलं नाही. वहिनीची काकू झाली हे वाक्य डोक्यातून जात नाहीये. मावशींना माझा नमस्कार सांग.

मध्यममार्गी
ताई, प्रसंग वाईटच आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण यात टीव्हीचा काय दोष? हळदीकुंकवाला विधवा बाईला न बोलावणं हे टीव्ही यायच्या शेकडो वर्षं आधीपासून आपल्याकडे चालू आहे, माझ्या आजीने उभं आयुष्य माजघरात काढलं. टीव्हीने ही गोष्ट आणली नाही, समाजात जे होतं ते तिथे दिसलं. आरशावर राग काढून काय होणार? आणि करमणूक ही करमणूकच असू द्यावी, प्रत्येक गोष्टीत एवढा अर्थ शोधायला गेलं तर माणसाने हसायचं कधी?

जाईजुई_कराड
दादा, आजींचं वाचून वाईट वाटलं. तुमचं म्हणणं अर्धं पटतं. पण फरक बघा, हळदीकुंकू आलं की माझ्या पिढीतल्या मुली निदान विचार तरी करतात, वाद घालतात, कितीतरी जणींनी सगळ्यांना बोलवायला सुरुवात केलीय. कारण ती जुनी प्रथा आहे हे आपल्याला माहीत असतं, म्हणून ती तपासतो. पैठणीचा खेळ मात्र आपल्याला मॉडर्न वाटतो. स्टेज, लाइट, डीजे, अँकर, म्हणजे जुनाट काही असूच शकत नाही असं आपण गृहीत धरतो, आणि तीच प्रथा नवीन कपडे घालून आत येते.

२०२२ च्या मे महिन्यात आमच्या जवळच्याच कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला, कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं बंद. लगेच राज्य सरकारनेही परिपत्रक काढून बाकीच्या गावांना तसं करायला सांगितलं. मावशीचा प्रसंग त्याच्या नंतरचा आहे. म्हणजे ग्रामसभेत ठराव होऊ शकतो, पण स्टेजवरच्या कार्यक्रमाचा साचा बदलायचा ठराव कोण करणार?

येवलेकर_पोर
आमचं घर विणकराचं, म्हणून पैठणीवर बोलतो. या कार्यक्रमाने येवल्याचं नाव घराघरात गेलं हे शंभर टक्के खरं. माझ्या लहानपणी पैठणी म्हणजे लग्नात एकदा, तीही ज्यांना परवडते त्यांनाच. नंतर गिऱ्हाईक गाडी करून येवल्याला यायला लागलं, "टीव्हीत होती तशी दाखवा". आम्हाला काम मिळालं. पण गल्लीतल्या कार्यक्रमात जी वाटतात ती नव्याण्णव टक्के सेमी असते, यंत्रमागावरची, दीड दोन हजाराची. खऱ्या हातमागावर पदराचा मोर काढायला बाबा आणि आई दोघं मागावर बसतात, रंगारंगाच्या कांड्या हाताने फिरवायच्या, साधी म्हटली तरी काही आठवडे जातात आणि भरलेला पदर असेल तर महिनेच्या महिने. लोकांच्या डोक्यात आता पैठणी म्हणजे दोन हजाराची बक्षिसाची साडी असं बसलंय आणि आमचा भाव ऐकला की म्हणतात लुटता काय. २०२२ ला टीव्हीवर अकरा लाखांची पैठणी ठेवली होती, त्या वेळी तर लोक आम्हाला विचारायला आले की अकरा लाखाची असते तर मग तुमची कसली.

दुसरं एक चांगलं सांगतो. धंद्याला भांडवल देणाऱ्या शार्क टँक इंडिया शोच्या पहिल्या सीझनला आमच्या जिल्ह्यातल्या मालेगावकडचा जुगाडू कमलेश गेला होता, फवारणीची गाडी घेऊन, पाठीवर पंप घ्यायला नको म्हणून स्वतः बनवलेली. त्याला १० लाख मिळाले धंद्यातल्या ४० टक्के हिश्श्यावर आणि वर २० लाख बिनव्याजी कर्ज. दुसऱ्या दिवशी माझे वडील मागावर बसल्या बसल्या मला विचारतात, "इक्विटी म्हंजे काय रं?" साठीचा माणूस. त्या आठवड्यात आमच्या ओट्यावर चहा पिताना चर्चा काय, तर ४० टक्के जास्त दिले का कमी. पाठीवर पंप घेऊन आयुष्य काढलेल्या माणसांना पहिल्यांदा वाटलं की आपल्या त्रासातूनपण धंदा निघू शकतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

लॉगिंगरूम
बऱ्याच वर्षांनी लॉगिन केलं. गोरेगावला रिअॅलिटी शोंच्या पोस्टमध्ये, म्हणजे शूटिंगनंतरच्या कामात, मी काही वर्षं होतो, कुठल्या ते सांगत नाही. मध्यममार्गी दादांनी आरसा म्हटलं म्हणून लिहितोय.

चोवीस तास कॅमेरे चालतात. आम्ही शिफ्टमध्ये बसून लॉग लिहायचो, म्हणजे टाइमकोड टाकून कोण कोणाशी काय बोललं, कोण रडलं, कोण चिडलं. चांगला स्वयंपाक झाला, दोघं शांतपणे गाणी म्हणत बसले, असलंही लिहायचो, पण त्याला कोणी विचारत नसे. स्टोरी टीम येऊन पहिलं विचारणार, भांडण कुठंय, अश्रू कुठायत. चोवीस तासांचा एक तास करायचा म्हणजे तेवीस तास टाकायचे, आणि कुठले तेवीस टाकायचे तिथेच माणूस हिरो होतो किंवा व्हिलन. कोणी बोलत असताना समोरचा तोंड वाकडं करतोय असा जो शॉट तुम्ही बघता तो त्याच क्षणाचा असेलच असं नाही, तो सकाळी दात घासतानाचाही असू शकतो.

आणि मला आजही टोचणारी गोष्ट. एकच लॉग, पुरुष ओरडला की पेपरवर "स्ट्राँग", बाई ओरडली की "निगेटिव्ह". आम्हाला कोणी असं लिहायला सांगितलं नव्हतं. आपोआप लिहिलं जायचं, मीही लिहिलंय. मग तसाच प्रोमो कापला जायचा, तोच लोक परत परत बघायचे, आकडे चांगले यायचे, आणि पुढच्या सीझनला तशाच बाया शोधल्या जायच्या. त्यामुळे आरसा म्हणायला माझी हरकत नाही, पण या आरशाला बघणाऱ्याने दिलेला बाक आहे, आणि त्या बाकात बघून बघून आपण तसेच दिसायला लागतो.

२०२१ मध्ये इंडियन आयडॉलच्या किशोर कुमार स्पेशलला अमित कुमार आले होते, नंतर त्यांनीच मुलाखतीत उघड सांगितलं की सगळ्यांची स्तुती करा असं मला सांगितलं होतं. लोकांना धक्का बसला. आम्हाला नाही बसला.

मध्यममार्गी
लॉगिंगरूम, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. "बाई ओरडली की निगेटिव्ह" हे माझ्या घरातही होतं, सून मोठ्याने बोलली की मला खटकतं आणि मुलगा बोलला की खटकत नाही. कधी असा विचार केला नव्हता.

मोरगावरोड
सूरज चव्हाणवर कोणीच कसं बोललं नाही अजून? बिग बॉस मराठी पाचव्या सीझनचा विजेता, आमच्या बारामती तालुक्यातल्या मोढव्याचा. आईबाप लहानपणीच गेलेले, शिक्षण अर्धवट, टिकटॉकवर नाव झालं, २०२० ला टिकटॉक बंद पडलं तसं तेही थांबलं. आणि २०२४ च्या ऑक्टोबरात त्यानं ट्रॉफी उचलली, ती कोणासमोर, तर अभिजीत सावंतसमोर, जो २००५ ला पहिला इंडियन आयडॉल झाला होता. मी त्या रात्री गावात होतो. ओ, दिवाळी होती दिवाळी.

पण मला वेगळंच सांगायचंय. मी हिंजवडीला नोकरी करतो. पहिल्या वर्षी मीटिंगमध्ये माझ्या तोंडून "व्हय" निघालं तर दोघं खुदकन हसले, "पानी" म्हटलं की पुण्याची एक सहकारी दरवेळी "पाणी, ण" असं दुरुस्त करायची, प्रेमानंच, पण करायची. मी हळूहळू बोलणंच कमी केलं. आणि शो चालू होता त्या महिन्यांत त्याच ऑफिसात सगळी सूरजचं झापुक झुपूक म्हणायला लागली, गुलीगत धोका म्हणायला लागली, माझ्याकडं येऊन विचारायला लागली की गुलीगतचा नक्की अर्थ काय रे. माझी भाषा एकदम भारी झाली होती. त्या महिन्यांत मी मीटिंगमध्ये पहिल्यांदा मोकळं बोललो. हे कोणाला छोटं वाटेल, मला नाही वाटत.

आता दुसरी बाजू. लोकांनी त्याला जीव लावला तो गरीब, भोळा, कुणाला उलटून न बोलणारा म्हणून. घरात पंढरीनाथ कांबळे, अंकिता वालावलकर यांनी त्याला सांभाळून घेतलं ते मनापासून वाटलं, पण बघणाऱ्यांचं प्रेम अटीवर होतं असं मला वाटतं. नंतर त्याच्या घराच्या, सिनेमाच्या बातम्यांखाली कमेंट वाचा, "आता हवा गेली डोक्यात". गरिबानं जिंकावं पण गरिबासारखंच राहावं, मान खाली घालून. जाईजुई ताई, तुमच्या मावशीचं आणि याचं मला एकच वाटतंय, सहानुभूती भरपूर आणि बरोबरीची खुर्ची मात्र नाही.

जाईजुई_कराड
शेवटचं वाक्य मी वहीत लिहून घेतलंय.

मांडवीकाठ
गोव्यातून लिहितेय. त्याच सीझनमध्ये आमच्या वर्षा उसगांवकर होत्या. आमच्या घरी आई, दोन मावश्या सगळ्या बघायच्या कारण गोंयची आमची बाय आत आहे. बिग बॉसच्या घरात त्यांच्या वयावरून, कामावरून जे बोललं गेलं ते ऐकून आई एकदा ताट बाजूला सारून उठली. आणि त्या वीकेंडला भाऊच्या धक्क्यावर, म्हणजे शोच्या वीकेंडच्या भागात, रितेश देशमुखांनी जेव्हा त्याबद्दल सुनावलं तेव्हा माझी अविवाहित मावशी, साठीची, शाळेतून रिटायर झालेली, एकदम म्हणाली, "माका कोणेंच अशें केन्ना राखूंक ना." मला कधी कोणी असं राखलं नाही. लग्न न केल्याबद्दल तिने किती ऐकून घेतलं असेल ते आम्हाला त्या रात्री पहिल्यांदा कळलं. दोन तास बोलत होती. टीव्ही कोणीतरी मध्येच बंद केला होता.

म्हणून मी या शोंना सरसकट नाव ठेवू शकत नाही. कधीकधी घरातलं दार तिथून उघडतं.

जुना_पलटणवाला
मी लष्करातून निवृत्त, साताऱ्याचा. २००७ साली आमची युनिट उत्तर बंगालात होती. रिअॅलिटी शो काय करू शकतो हे मी तिथं बघितलं, म्हणून लिहितो, विषय थोडा लांबचा आहे.

इंडियन आयडॉलच्या तिसऱ्या सीझनला प्रशांत तामांग नावाचा दार्जिलिंगचा मुलगा होता, कोलकाता पोलिसात शिपाई. समोर शिलाँगचा अमित पॉल. सगळा डोंगर प्रशांतच्या मागं उभा राहिला. आमच्यातल्या गोरखा जवानांनी पगारातून फोन रिचार्ज केले, सुट्टीवर जाणारा जवान घरी मिठाई न्यायच्या ऐवजी मतांसाठी पैसे द्यायचा. मी एकाला विचारलं, एवढं कशासाठी? तो म्हणाला, "साब, जिथं जातो तिथं लोक मला चौकीदारच समजतात. हा एक टीव्हीवर गातोय." सप्टेंबरात तो जिंकला. त्यानंतर दिल्लीच्या एका रेडिओ निवेदकानं गोरखा आणि चौकीदार यावरूनच काहीतरी टिंगल केली, आणि सिलिगुडीत मोर्चा निघाला, दगडफेक झाली, कर्फ्यू लागला. गाण्याच्या कार्यक्रमावरून कर्फ्यू. महिनाभरात, ऑक्टोबर २००७ मध्ये, बिमल गुरुंग यांनी गोरखा जनमुक्ती मोर्चा हा पक्ष स्थापन केला. प्रशांतसाठी मतं गोळा करायला जी माणसं गावोगाव जोडली गेली होती त्याच जोरावर वेगळ्या राज्याची मागणी परत पेटली.

आणि तिकडं मेघालयात उलटं झालं. अमित पॉल बंगाली, तिथले खासी आणि बाहेरून आलेले यांच्यात जुनं वैर, पण त्याला मत द्यायला दोन्हीकडचे लोक एकत्र आले, तिथल्या सरकारनं त्याला शांततेचा दूत नेमलं. म्हणजे एकाच शोच्या एकाच अंतिम फेरीत एकीकडं दरी रुंद झाली आणि दुसरीकडं बुजली. त्यामुळं हे चांगलं का वाईट असं कोणी विचारलं की मला उत्तर देता येत नाही. लोकांच्या मनात आधीपासून काय साचलंय त्यावर सगळं अवलंबून.

एसटीची_खिडकी
काका, हे सगळं मला माहीतच नव्हतं. तो चौकीदारवाला जवान डोळ्यासमोर उभा राहिला.

लेस्टरची_माई
काकांचं वाचून मला पण राहवलं नाही. मी लेस्टरला १९९८ पासून. जानेवारी २००७ मध्ये इथल्या सेलिब्रिटी बिग ब्रदरमध्ये शिल्पा शेट्टी होती. आपला बिग बॉस ज्याच्यावरून निघाला तोच हा कार्यक्रम, मूळचा डच. तिच्या उच्चारांवरून, जेवणाला हात लावण्यावरून घरातल्या तिघी जे बोलल्या ते ऐकून आम्ही इथले भारतीय सुन्न झालो, कारण ते आम्ही रोज कुठे ना कुठे ऐकत होतो, फक्त कोणाला सांगितलं तर "तुझा गैरसमज झाला असेल" असं म्हणायचे. आता ते सगळ्या देशाने ऐकलं. ४४ हजारांच्या वर तक्रारी गेल्या. इथले तेव्हाचे अर्थमंत्री गॉर्डन ब्राऊन नेमके भारत दौऱ्यावर, त्यांनाही उत्तरं द्यावी लागली. कँटीनमध्ये माझ्या शेजारी बसणारी इंग्लिश बाई, सहा वर्षांत जिने माझ्या डब्याबद्दल नाक मुरडण्यापलीकडे काही केलं नव्हतं, ती येऊन म्हणाली, तुला पण असं होतं का गं? मी हो म्हटलं. तेव्हापासून आम्ही एकत्र जेवतो, आता दोघी रिटायर आहोत तरी महिन्यातून एकदा भेटतो.

पुढचं ऐका. शिल्पाला बोलणाऱ्यांतली एक जेड गुडी. तिला इथे लोकांनी इतकं झोडपलं की तिचं करिअर संपल्यात जमा. २००८ मध्ये ती माफीच्या भावनेने तुमच्याकडच्या बिग बॉसमध्ये आली आणि तिथेच, शो चालू असताना, तिला कळलं की तिला गर्भाशयमुखाचा कॅन्सर आहे. २००९ च्या मार्चमध्ये गेली, फक्त सत्तावीस वर्षांची, दोन लहान मुलं मागे ठेवून. तिने आजारपणही कॅमेऱ्यासमोरच काढलं, लोकांनी त्यावरही टीका केली. पण त्या वर्षी इंग्लंडमध्ये स्मिअर टेस्टला, म्हणजे याच कॅन्सरच्या तपासणीला, जाणाऱ्या बायकांची संख्या लाखांनी वाढली. मी स्वतः टेस्टचं पत्र दोन वेळा ड्रॉवरमध्ये टाकून दिलं होतं, तिसऱ्या वेळी गेले ते तिच्यामुळे. जिने आपल्या शिल्पाला घालूनपाडून बोललं तिच्यामुळे. मला अजून हे नीट पचत नाही, पण खरं आहे ते असं आहे.

बायांनो, आपल्याकडे पण ही टेस्ट होते. करून घ्या.

पेटीमास्तर
लातूरकडे पेटी शिकवतो. सारेगमप लिटल चॅम्प्स या लहान मुलांच्या गाण्याच्या स्पर्धेचा तो २००८-०९ चा सीझन, कार्तिकी, आर्या, मुग्धा, प्रथमेश आणि आमचा लातूरचा रोहित. आळंदीची कार्तिकी जिंकली तेव्हा मी फार रडलो, कारण आमच्या सांप्रदायिक गाण्याला, भजनी ठेक्याला शहरातल्या हॉलमध्ये तोपर्यंत कोण विचारत होतं? माझ्या क्लासला नऊ मुलं होती, उन्हाळ्यात चाळीस झाली. शेतमजुराची पोरं आली, मुली आल्या, याचं मोल मोठं आहे.

पण पालक काय विचारायचे? "मास्तर, वरचा सा किती महिन्यांत?" टीव्हीवर परीक्षक उत्तम गाण्याला गुण म्हणून वरचा सा द्यायचे ना. अलंकार घोटायला तयारी नाही, थेट गाणं हवं, आणि तेही दीड मिनिटाचं. एक सात वर्षांचा मुलगा होता, त्याला सा लागत नव्हता पण गायच्या आधी डोळे मिटून कानाच्या पाळीला हात लावणं, मग हात जोडून थोडं थांबणं, हे सगळं अगदी बरोबर जमायचं. मी त्याच्या हाताला धरून म्हटलं बाळा, कानाला हात कोणासाठी लावतोस? म्हणाला, कॅमेऱ्यासाठी. ऑडिशनला नंबर लागला नाही तेव्हा त्याच्या वडिलांनी पेटी विकून टाकली. तो मुलगा आता कुठे आहे मला माहीत नाही. २०१९ ला केंद्राने वाहिन्यांना कळवलं की लहान मुलांना मोठ्यांसारखं अश्लील नाचवू नका, ते योग्यच झालं. पण हरलेल्या मुलाला घरी कसं वागवायचं याचं पत्रक कोण काढणार?

मोरगावरोड
मास्तर, काळजाला लागलं.

जाईजुई_कराड
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन रात्री नीट झोपले नाही, सारखा हा धागा उघडून बघतेय.

काल धीर करून सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं की यंदा उखाण्याची फेरी नको, किंवा असली तर ज्या बाईला ज्याचं नाव घ्यायचंय त्याचं घेऊ द्या, नवऱ्याचं, आईचं, मुलीचं, स्वतःचं. सुरुवातीला तासभर कोणीच काही बोललं नाही. मग उमेदवाराच्या कार्यालयातून एकाचा फोन आला, "ताई, उखाण्याशिवाय रंगत येत नाही हो, लोकांना टीव्हीसारखं पाहिजे असतं." मी त्यांना रिक्षातलं मावशीचं वाक्य सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले बघतो. मग तिसऱ्या मजल्यावरच्या रिटायर्ड शिक्षिकांनी ग्रुपवर लिहिलं की मीही दोन वर्षं याच कारणासाठी खाली येत नव्हते. आमच्या चौसष्ट घरांत अशा सात जणी निघाल्या. सात! मी त्यातल्या चौघींना रोज लिफ्टमध्ये भेटते.

एसटीची_खिडकी
जाईजुई, मी तुझ्या मावशीसाठी एक केलाय, जमला तर बघ:
"वीस वर्षं शिवते ब्लाउज, चुकलं नाही एकही माप,
माझंच नाव घेते आज, ऐका सगळ्या चुपचाप."

मध्यममार्गी
फार छान. जाईजुई ताई, कार्यक्रमाला आमच्यासारख्या बाहेरच्यांना येता येतं का? सुनेला घेऊन यायचा विचार आहे. कराडला आमची बहीण असते.

जाईजुई_कराड
या ना दादा, नक्की या.

मावशीला आज दुपारी उखाणा वाचून दाखवला. मशीनवरून मान वर न करता ऐकला, म्हणाली, यमक बरंय पण वीस नाही, बावीस वर्षं झाली, तेवढं बदलायला सांग तिला. मग संध्याकाळी फोन आला, की चेंडू कुठले वापरणार आहेत, प्लास्टिकचे की रबरी, रबरी जास्त उसळतात. प्लास्टिकची बादली आणि माझ्या मुलाचे चार चेंडू गच्चीवर ठेवलेत, उद्यापासून ती येणार आहे.